कवडीच्या उंचीवरची हवा

एकाच खोलीत राहणाऱ्या, एकच पाणी पिणाऱ्या पक्ष्यांपैकी फक्त कोंबड्यांनीच डोळे मिटून घेतले होते. बदकं मजेत होती. टर्की मान उंच करून नेहमीसारखा सगळ्यांवर लक्ष ठेवून होता. कोंबड्या मात्र अंग फुगवून, पापण्या घट्ट मिटून बसल्या होत्या. अगदी कोपऱ्यात होती कवडी. शर्वरीने तिला अंड्यातून बाहेर येताना पाहिलं होतं.

चंद्राच्या जमिनीखाली खोदलेल्या या वस्तीचं नाव होतं शुक्लपक्ष. तिथलं खुराडं म्हणजे एक लांबट खोली. पूर्वी तिच्यात मधोमध भिंत होती. पलीकडे बदकं आणि त्यांचा पाण्याचा टब, अलीकडे भुश्शावर कोंबड्या. गेल्या महिन्यात पृथ्वीवरून नवी कुटुंबं आली, जागा कमी पडू लागली आणि भिंत काढून सगळ्यांना एकत्र ठेवलं गेलं.

खुराड्यात माणसाच्या कंबरेच्या उंचीवर एक बारीक जाळी आडवी ताणलेली होती. चंद्राची ओढ पृथ्वीच्या एक षष्ठांश, त्यामुळे इथली कोंबडी पंख फडफडवून थेट छताच्या दिव्यांवर आदळायची. जाळी त्यासाठीच होती. टर्कीने तिला एके ठिकाणी भोक पाडलं होतं आणि तो त्यातून मान वर काढून उभा राहायचा. म्हणून मुलं त्याला सरपंच म्हणत.

"संध्याकाळचे दिवे मंद व्हायच्या आत ठरवावं लागेल," शर्वरीची आई म्हणाली. वस्तीच्या आरोग्याची जबाबदारी तिच्यावर होती. तिच्या तोंडावर मुखपट्टी होती, डोळ्यांवर बंदिस्त चष्मा. खुराड्यात येणाऱ्या सगळ्यांनाच तिने ते सक्तीचं केलं होतं.

"काय ठरवायचं?"

"तपासणीत जंतू सापडले नाहीत. पण रोग नवा असेल तर सापडणारही नाहीत. माणसांत पसरला तर इथून पळून जायला जागा नाही, शरू. कोंबड्यांना झोपेचं औषध द्यायचं आणि बाहेर ठेवायचं."

चंद्रावर 'बाहेर' या शब्दाचा एकच अर्थ होता. जिथे हवा नाही ती जागा.

"नानांना विचारू?" शर्वरीने विचारलं.

"विचार. पण लवकर."

नाना, म्हणजे आईचे वडील, दापोलीला राहत. आयुष्यभर त्यांनी पक्ष्यांच्या आजारांचा अभ्यास केला होता. ठोकळ्या नावाच्या चौकोनी यंत्रमानवाने छातीवरचा पडदा उजळला आणि त्यावर नानांचा चेहरा आला.

"नाना, कवडी डोळे उघडत नाही."

मग शांतता. शब्द पृथ्वीवर जाऊन उत्तर परत यायला थोडा वेळ लागे. आज ती शांतता शर्वरीला फार लांब वाटली.

"कोण आजारी आहे ते कळलं," नाना म्हणाले. "आता कोण आजारी नाही ते सांग."

"बदकं. आणि सरपंच."

"ते कोंबड्यांपेक्षा काय वेगळं करतात?"

"ती बदकं आहेत, नाना."

पुन्हा शांतता, आणि मग नानांचं हसू उशिरा पोहोचलं. "तेही खरंच. काही रोग फक्त कोंबड्यांनाच होतात. तुझी आई उगाच घाबरलेली नाही. पण दुसरं काही कारण आहे का, ते तुला बघावं लागेल. खुराड्याला वास कसला येतोय?"

शर्वरीने आईकडे पाहिलं. आईने खांदे उडवले. मुखपट्ट्या लावल्यापासून कुणी वास घेतलाच नव्हता.

"हवा शुद्ध आहे," ठोकळ्या म्हणाला. "माझा संवेदक (हवेतले वायू ओळखून मोजणारं उपकरण) छताजवळ बसवला आहे. आकडा मर्यादेच्या आत आहे."

शर्वरी जाळीखाली शिरली आणि पोटावर सरकत कवडीपाशी गेली. कवडीने चोच वळवली, पण पापणी उघडली नाही. शर्वरीला रडू आलं. चष्मा आतून धुरकटला, काही दिसेना, म्हणून तिने तो काढला. नाक पुसायला मुखपट्टीही खाली ओढली.

"मुखपट्टी काढली," ठोकळ्या म्हणाला. "नियमभंग."

"शरू, लाव ती आधी," आई ओरडली.

पण शर्वरीच्या डोळ्यांची आग आग होत होती. नाकात सुया टोचाव्यात तसा उग्र वास, न धुतलेल्या स्वच्छतागृहासारखा. ती मागे सरकली आणि सरपंचाशेजारी, जाळीच्या भोकातून डोकं वर काढून गुडघ्यांवर उभी राहिली. वास गेला. पुन्हा खाली वाकली. वास आला.

"आई, वास फक्त खाली आहे."

नानांपर्यंत हे पोहोचेस्तोवर आई ठोकळ्याकडे वळली होती. "खाली बस आणि हवा मोज."

"मला गुडघे नाहीत."

"मग आडवा हो."

ठोकळ्या सावकाश आडवा झाला. पण त्याचा संवेदक अजून छतालाच होता; आईने तो उतरवून भुश्शाजवळ धरला. ठोकळ्याच्या डोक्यावरचा दिवा लाल झाला. "अमोनिया (उग्र वासाचा, डोळे चुरचुरवणारा वायू). मर्यादेच्या पुष्कळ वर. मात्र माझा आधीचा आकडाही चूक नव्हता."

"नव्हताच," पडद्यावर नाना म्हणाले. "तो छताचा आकडा होता. छताला डोळे नसतात आणि फुप्फुसंही नसतात."

आईच्या कपाळावरची आठी मात्र गेली नाही. "पण अमोनिया हवेपेक्षा हलका असतो, नाना. तो वर का नाही गेला?"

"पृथ्वीवर गेला असता. तिथे हलकी हवा वर चढते, जड हवा खाली येते आणि सगळं ढवळलं जातं. याला अभिसरण (हवेची आपोआप होणारी वरखाली ये-जा) म्हणतात. पण हे ढवळण्याचं काम गुरुत्व करतं. तुमच्याकडे गुरुत्व कमी, म्हणून ढवळणंही मंद. पंखे कुठे आहेत?"

"छताला," आई हळू आवाजात म्हणाली. तिने जाळीवरून हात फिरवला. बारीक पिसं आणि धूळ अडकून जाळीची जवळजवळ चादर झाली होती. वरची हवा वर फिरत होती, खालची तिथेच साचली होती.

"आता एकच प्रश्न," नाना म्हणाले. "कोरड्या भुश्शात इतका अमोनिया होत नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतला पांढरा भाग ओला झाला की जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) तो फोडतात, आणि मग हा वायू सुटतो. पाणी आलं कुठून?"

शर्वरीने भुश्शात हात घातला. वरून कोरडा, आत ओलाकच्च. छत गळत नव्हतं, नळही दूर होता. तेवढ्यात एका बदकाने टबात डोकं बुडवलं, बाहेर काढलं आणि जोरात झटकलं.

थेंब उडाले आणि पडेचनात. कमी ओढीमुळे ते संथपणे तरंगत, लांब कमान करून, पार कोंबड्यांच्या कोपऱ्यात उतरले. दिवसभर असंच चाललं असणार.

"नाना, बदकं. आणि डोकं बुडवताना त्यांचे डोळे सारखे धुतले जातात. सरपंचाची मान तर जाळीच्या वरच असते."

या वेळी शांतता संपायच्या आतच आईने मान डोलावली. "पटतंय. पण पटलं म्हणजे सिद्ध झालं नाही. सकाळपर्यंत थांबते. तोवर हे दार बाकीच्यांसाठी बंद."

संध्याकाळभर त्यांनी भुसा बदलला, जाळी धुतली, एक पंखा जमिनीलगत लावला. टबाभोवती उंच काठ उभा केला. कोंबड्यांचे डोळे कोमट मिठाच्या पाण्याने एकेक करून धुतले. ठोकळ्याने संवेदक कवडीच्या डोक्याएवढ्या उंचीवर बसवला. शर्वरीला झोप लागली नाही. नाना बरोबर असतील तर बरं; नसतील तर आई काय करणार, हे तिला माहीत होतं.

सकाळी दार उघडलं. अर्ध्याअधिक कोंबड्या दाणे वेचत होत्या. कवडी मात्र कोपऱ्यातच, पाठ करून.

शर्वरी जवळ गेली. संवेदकावर छोटा हिरवा दिवा लुकलुकत होता. कवडीने मान तिरकी केली, एक लालसर डोळा किलकिला केला आणि दिव्यावर नेमकी चोच मारली. मग पुन्हा मारली.

"संवेदकावर हल्ला," ठोकळ्या म्हणाला.

"दिसतंय तिला," आई म्हणाली. तिने मुखपट्टी उतरवली, तेव्हा तिचा चेहराही रात्रभर जागलेला दिसला.

"पुढची सूचना?" ठोकळ्याने विचारलं. "वस्तीतले बाकीचे सगळे संवेदक छताजवळ आहेत."

आईने शर्वरीकडे पाहिलं. "तू सांग. आधी कुठला उतरवायचा?"

शर्वरीने क्षणभर विचार केला. नव्या कुटुंबांतली दोन बाळं तिला आठवली, दिवसभर जमिनीवरच असणारी.

"पाळणाघरातला," ती म्हणाली. "रांगणाऱ्या बाळाचं नाक जिथे असतं, तिथे."