जांभळी रेघ

आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे आणि शेडमध्ये नाकाड्या राहतो. नाकाड्या म्हणजे ट्रक. पुढे हे एवढं लांब नाक, दोन बटबटीत दिवे, आणि रंग असा की तो मूळचा निळा होता की हिरवा यावर घरात अजून एकमत नाही. एका बंद पडलेल्या वीटभट्टीच्या गोदामात तो माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून उभा होता. बाबांनी तो ओढून आणला तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली, "लोक सुट्टीत गाडीने फिरायला जातात. आमच्याकडे गाडी खोलून बसतात."

बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर काम करतात, पण रविवार नाकाड्याचा. सुरुवातीला माझं काम एकच, बॅटरी धरणं. "इकडे धर. इकडे म्हणजे तिकडे नाही. अगं, माझ्या डोळ्यांत नको!" मग एका रविवारी एक गंजलेला बोल्ट बाबांना काही केल्या सुटेना. मी म्हटलं, "पान्याला पाइप लावून लांब करा ना." लावला. कर्रर्र करून सुटला. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आत्ताच जन्माला आले. त्या दिवसापासून पाना माझ्या हातात.

याआधी मी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा घाबरायचे. आता विज्ञानाच्या बाईंनी तरफ विचारली की सगळ्यात आधी माझा हात वर. त्या हाताच्या नखांत काळं ग्रीस असतं आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

आमच्या शेडचा एक नियम आहे. ज्याने बोल्ट आवळला, त्यानेच रेघ मारायची. बोल्टच्या डोक्यावरून निघून शेजारच्या लोखंडापर्यंत जाणारी एक रेघ. पुढे बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ मोडलेली दिसते. आणि रेघच नसेल, तर त्या बोल्टची हमी कुणीही घेतलेली नाही. बाबा पांढरा रंग वापरतात. मी माझी जांभळी नेलपॉलिश. तिच्या ब्रशाचा एक केस बाहेर आलाय, त्यामुळे माझ्या प्रत्येक जाड रेघेला चिकटून एक केसाएवढी रेघ उमटते. शिवाय मी डावखुरी, म्हणून ती उलटी कलते. "ही तुझी सही," बाबा म्हणाले होते. "खोटी करून दाखवावी कुणी!"

नाकाड्या लवकर उभा करायची घाई होती ती बाबांच्या पायामुळे. मी पाळण्यात असताना ते पंपहाउसच्या जिन्यावरून पडले होते. डाव्या नडगीत तेव्हापासून स्टीलची पट्टी आणि स्क्रू. आता पाय सुजायला लागला होता आणि डॉक्टर म्हणत होते, पट्टी काढून टाकू. त्यानंतर बरेच महिने क्लच दाबायचा नाही. नाकाड्याचा क्लच म्हणजे दगडच, आणि दाबायचा डाव्याच पायाने.

"आधी तो धावेल, मग मला खोला," बाबा डॉक्टरांना म्हणाले. "दोन गाड्या एकदम उघड्या टाकत नाहीत."

इंजिनच्या पोटाखाली तेलाचं चेंबर असतं, परातीसारखं. आम्ही ते उघडायला घेतलं. ते निघेचना. फटीतून तेल गळू नये म्हणून मध्ये बसवलेलं गॅस्किट लोखंडाशी असं एकजीव झालं होतं की शेवटी छिन्नी लावावी लागली. "कारखान्यातून निघाल्यापासून कुणी हात लावलेला नाही याला," बाबा खूश होऊन म्हणाले. आत तेलाचा डांबरासारखा थर होता. मी खाली आडवी होऊन फडक्याने आतले बोल्ट पुसत होते.

पहिल्या बोल्टवर जांभळी रेघ निघाली.

दुसरा पुसला. जांभळी रेघ. तिसऱ्यावरही. प्रत्येकीला चिकटून केसाएवढी एक रेघ, आणि सगळ्या उलट्या कललेल्या.

"बाबा, हे तुम्ही केलंत ना? गंमत म्हणून?"

बाबा डोकं आत घालून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आधीचा कुणी मिस्त्री रेघा मारत असेल. सगळे मारतात."

"माझ्या नेलपॉलिशने?"

"जांभळा रंग काय तुझ्या बापाचा आहे?"

"माझ्या बापाचा पांढरा आहे," मी म्हटलं. एरवी ते हसले असते. त्यांनी थिनरचं फडकं घेऊन एक रेघ पुसली. फडक्याला जांभळा डाग लागला. मग त्यांनी तो बोल्ट पान्याने तपासला. घट्ट. सगळे तपासले. सगळे घट्ट, जितके हवेत तितकेच. माझा हात पाना सोडतो तेव्हा जेवढे असतात तेवढेच. फडकं त्यांनी घडी करून खिशात टाकलं. आईला दाखवलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही मागच्या चाकांच्या मधला लोखंडी गोळा उघडला. त्यातल्या गिअरमुळे चाकं फिरतात. मी श्वास रोखून पुसत होते. आतल्या बोल्टवर रेघा होत्या.

पण हिरव्या. चमकीवाल्या. पोपट उन्हात उभा केल्यासारख्या.

मला एवढं हसू आलं म्हणून सांगू! मी शेडभर उड्या मारल्या. "बाबा, हिरव्या! माझ्याकडे हिरवी नाहीच! मी नाही, मी नाही, तुमचा मिस्त्रीच होता!" बाबांनीही मोठा श्वास सोडला. त्यांनी आईला हाक मारली, सगळं सांगून टाकलं, आणि आईने आम्हा दोघांना वेड्यात काढलं. नाकाड्याच्या सीटसाठी ती मशीनवर रेक्झिन शिवत होती. "एवढंच ना? मला वाटलं, आणखी एक ट्रक आणताय." आम्ही तिघं मडगार्डवर कप ठेवून चहा प्यायला बसलो.

तेवढ्यात फाटक वाजलं. आत्या आली.

"काय रे दादा, पोरीला पार मिस्त्री केलंस! हे बघ गं, तुझी जांभळी संपत आली म्हणत होतीस ना फोनवर? दुकानात हा नवाच रंग दिसला." तिने पर्समधून बाटली काढली. "जरा भडक आहे, पण तू कुठे नखांना लावतेस!"

हिरवी होती. चमकीवाली.

बाबांचा कप मडगार्डवरून खाली पडला. कुणी उचलला नाही.

"आवडला नाही का रंग?" आत्या म्हणाली. "अरे, बोला की कुणीतरी!"

त्या दिवसानंतर बाबांनी नाकाड्याचं काही उघडलं नाही. वरून रंग दिला, दिवे बसवले, आईची सीट चढवली. इंजिन सुरू झालं तेव्हा पत्रे थरथरले, शेजारची मांजर जी पळाली ती दोन गल्ल्या सोडून सापडली, आणि मी घसा बसेपर्यंत ओरडले. पण मी जवळ नसताना बाबा हळूच गाडीखाली बघायचे, हे मला दिसत होतं. न उघडलेलं एकच काही उरलं होतं. स्टिअरिंगचा दांडा खाली जिथे चाकांना वळवणाऱ्या लोखंडी हाताला जोडला जातो, त्या जोडावरचं झाकण. ते रिवेट मारून बंद केलेलं होतं.

पहिल्या फेरीची सकाळ उजाडली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आमचा रस्ता फाटकापासून थेट उताराला लागतो. खाली मोठा चौक आहे. नाकाड्या नाक त्या उताराकडे करून उभा होता.

"बाबा, ते झाकण राहिलंय."

"स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतंय. कशाला उघडायचं?"

"आत रेघा असतील म्हणून उघडत नाही ना तुम्ही?"

"परवा मला दवाखान्यात झोपायचंय, बाई माझे. बस गाडीत."

"नाही बसणार." मी पुढच्या चाकासमोर जाऊन मांडी घातली. "ज्याची हमी कुणी घेतली नाही, त्याच्यावर बसायचं नाही. नियम तुमचाच आहे."

"अहो, उघडा एकदाचं," सीटवर पर्स घेऊन बसलेली आई वरून म्हणाली. "ती तुमचीच मुलगी आहे. उठणार नाही."

बाबांनी ड्रिल आणलं. रिवेट उडाले. झाकण पडलं.

आत सुकलेलं ग्रीस, मेणासारखं. मी बोटाने खरवडलं.

हिरवी रेघ. हिरवी रेघ. कडेच्या प्रत्येक बोल्टवर हिरवी, चमकीवाली, उलटी कललेली.

मधोमध सगळ्यात जाड बोल्ट होता. दांड्याला आणि त्या लोखंडी हाताला जोडून ठेवणारा तो एकटाच.

त्याच्यावर रेघ नव्हती.

मी पुन्हा पुसला. थिनर लावून पुसला. कोरा.

"बघ," बाबा म्हणाले. त्यांनी पाना लावला आणि अंगाचा भार दिला. बोल्ट हलला नाही. "पक्का आहे. मिस्त्री विसरला असेल. घे, मार रेघ आणि चल."

मी बाटली उघडली. ब्रश बोल्टपर्यंत नेला.

"मी आवळलेला नाही हा," मी म्हटलं. "मी आवळल्याशिवाय रेघ नाही."

"अगं, आत्ताच मी..."

मी पाना लावला. डाव्या हाताने. फार जोर केला नाही, खरंच सांगते. भाजीची पिशवी उचलायला लावतो तेवढा.

टक् असा आवाज झाला आणि बोल्टचं डोकं पान्यासकट माझ्या हातात आलं.

बाबांनी ते डोकं माझ्या हातातून घेतलं आणि उन्हात धरलं. तुटलेली बाजू आतपर्यंत गंजून तपकिरी झाली होती. जुनी चीर. चकचकीत, आत्ता तुटलेलं लोखंड फक्त कडेला होतं, नखाच्या कोरीएवढं. एवढ्यावर ते धरून होतं.

बाबांनी उताराकडे पाहिलं. चौकातून शाळेची बस चालली होती. ते खाली बसले, इस्त्रीच्या शर्टासकट, मातीत.

"खाली उतर गं," ते आईला म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता. "आधी खाली उतर."

नवा बोल्ट घातला. मी आवळला, मी हिरवी रेघ मारली. दुपारी नाकाड्या उतारावरून खाली गेला, चौकाला वळसा घालून वर आला. लोकांनी हात केले, पोरं मागे धावली, आईने राणीसारखा हात हलवला. बाबा पूर्ण वेळ हसत होते आणि स्टिअरिंगवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. पण धावला! आम्ही वाचलो, असं मी मनात शंभरदा म्हटलं. कुणीतरी आपली काळजी घेतंय, असंही. ते म्हणताना मला बरं वाटलं होतं.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. छान झालं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दप्तरासकट दवाखान्यात गेले तर बाबा उशीला टेकून बसले होते. आई संत्रं सोलत होती.

"आलीस? हे बघ माझे नट-बोल्ट!" बाबांनी उशाखालून झाकणाची एक काचेची बाटली काढून माझ्याकडे टाकली. "सिस्टरनी भेट दिलेत. मी अजून नीट पाहिलेही नाहीत, चष्मा घरी राहिला."

आत स्टीलची पट्टी होती, बोटाएवढी, आणि तिच्याभोवती छोटे छोटे स्क्रू. मी बाटली खिडकीजवळ नेली.

उजेडात ती फिरवली.

मग मी ती डोळ्यांजवळ आणली.

स्क्रूच्या प्रत्येक डोक्यावर जांभळी रेघ होती. काठाशी तुटलेली. तिचा उरलेला अर्धा भाग पट्टीवर, भोकाच्या कडेला. आणि प्रत्येक रेघेला चिकटून एक केसाएवढी रेघ.

मी पाळण्यात होते तेव्हा.

"काय गं?" आई म्हणाली. "भूत बघितल्यासारखी काय उभी आहेस?"

मी बाटली दप्तरात टाकणार, एवढ्यात डॉक्टर आत आले. प्रसन्न माणूस. "काय मिस्त्रीबाई, स्पेअर पार्ट पसंत पडले का? चला, बाबांना जरा उभं करू. डाव्या पायावर भार द्यायला आता हरकत नाही."

"सगळे निघाले?" मी विचारलं. माझा आवाज पूर्वीसारखा झाला होता, हजेरी देतानाचा.

"एक सोडून. पट्टीच्या बाजूला एक वेगळा होता, तो हाडाने पार डोक्यापर्यंत गिळलाय. तोच दोन तुकडे धरून बसलाय म्हणा ना. असू दे, काही बिघडत नाही."

आईने बाबांच्या काखेत हात घातला. बाबा पलंगाच्या कडेला सरकले.

"डॉक्टर," मी म्हटलं, "त्याच्यावर रंगाची रेघ होती?"

"हां, ती कंपनीची खूण ना? मलाही गंमत वाटली." त्यांनी जरा आठवून पाहिलं. "नाही. बाकी सगळ्यांवर होती. त्या एकावर नव्हती."

आई हसत बाबांना म्हणाली, "द्या भार, घाबरताय काय!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या बाटलीकडे. चेहऱ्यावर हसू तसंच राहून गेलं होतं.

त्यांचा डावा पाय जमिनीच्या वीतभर वर थांबला होता.