चिकानं जुना केलेला घण

या रे पोरांनो, जवळ या. गोष्ट सांगतो. पण आधीच बोलून ठेवतो, ही गोष्ट घाण मारते! ज्याचं नाक नाजूक असेल त्यानं खुशाल मागं बसावं.

तर बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात राहणारी हिमानी. आठवीतली, जरा फटकळच. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आजीकडं, निंबोल्याला. तिथं मामाचा मोहित तिच्याच वयाचा, अन् त्याचा धाकटा भाऊ गोटू. त्याची टकळी झोपेतसुद्धा बंद नाही.

गावामागं काळ्या दगडाची जुनी खाण आहे. हिमानीच्या आजोबांनी जन्मभर तिथं दगड फोडला. आजोबा गेले, खाण बंद पडली, घरात उरला त्यांचा घण. बाभळीचा दांडा, अन् एका जागी हातानं झिजून झिजून खळगा पडलेला. लहानपणी हिमानी त्या खळग्यात अंगठा घालून बसायची. आजोबांचा हात धरल्यासारखं वाटायचं तिला.

यंदा सरकारचा निधी आला. गावानं 'खाण-घर' उभं करायचं, पूर्वी दगड कोण काढत होतं, कसं काढत होतं, ते सगळ्यांना दाखवायचं. खाण साफ करून खाली उतरायला पायऱ्याही करायच्या. काम सांभाळायला शहरातले धर्मेंद्र साहेब. ते घरोघर फिरले, जुनी अवजारं मागून नेली. हिमानीच्या आजीनं, सरुबाईनं, घण दिला, अन् त्या रात्री ती जेवली नाही.

"चला, आजच बघून येऊ! उद्या निधीचं काम तपासायला मोठ्या मॅडम येणार, मग आपल्याला कोण आत घेतंय?" मोहित म्हणाला.

खाण-घर नुसतं चकाचक! भिंतीला घण, पहारी, छिन्न्या एका रांगेत टांगलेल्या. एका घणाखाली चिठ्ठी, 'सरुबाई यांच्या घरचा'. हिमानीनं धावत जाऊन दांडा धरला, अंगठा फिरवला. वर फिरवला, खाली फिरवला. खळगाच नाही!

"ए! हाथ मत लगाओ!" धर्मेंद्र साहेब दारातून ओरडले. "हेरिटेज आहे ते, हेरिटेज!"

"आमच्या आजोबांचं आहे, साहेब."

"होतं! अब सबका है. चला, पळा!"

बाहेर आल्यावर हिमानीनं हात बघितला. बोटं चिकट, तपकिरी. गोटूनं नाक लावलं.

"हिमाताई, तू केळीचा घड कापायला गेली होतीस?"

मोहितनं आपल्या शर्टाकडं बघितलं. निंबोल्यात असलं पोर नाही ज्याच्या शर्टावर केळीच्या चिकाचे डाग नाहीत. कितीही घासा, जात नाहीत.

"चीक आहे हा!" तो किंचाळला. "कोऱ्या दांड्याला चीक फासलाय, जुना दिसावा म्हणून!"

"मग आपला घण कुठंय?" हिमानीचा आवाज चिरकला.

तेवढ्यात मागून वारा आला अन् तिघांनी नाकं दाबली. वास खाणीतून येत होता. काठावरून बघतात तर काय! साफसफाई कसली अन् पायऱ्या कसल्या? सडलेल्या केळींचे ढीग, भूमिपूजनाच्या जेवणाच्या पत्रावळ्या, वर हिरवट पाणी, त्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. माशा तर तोंडात शिरायच्या!

"शी! मला ओकारी येतेय!" गोटू म्हणाला, अन् लगेच बोट दाखवलं. "ताई, तो बघ!"

चिखलातून बाभळीचा दांडा वर आला होता. शेजारी वाकलेली पहार, तार गुंडाळलेली छिन्नी. अख्ख्या गावाची अवजारं त्या घाणीत!

मोहित उतरायलाच निघाला. हिमानीनं त्याची कॉलर धरली.

"थांब! आज काढला तर म्हणतील, पोरांनीच चोरून टाकला. उद्या मॅडमच्या डोळ्यांदेखत काढायचा."

"अन् तोवर आजोबांचा घण किड्यांत?"

हिमानीनं त्याला ओढतच घराकडं नेलं. तिचे डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी रश्मी मॅडम आल्या. धर्मेंद्र साहेब पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या कुर्त्यात. हिमानी गोड आवाजात पुढं झाली.

"साहेब, घण खांद्यावर घेऊन फोटो काढा ना! एकदम भारी दिसाल!"

"अरे वा! क्यों नहीं!"

साहेबांनी घण खांद्यावर घेतला. उन्हानं घामाघूम झालेले ते, अन् वरून फोटोवाला त्यांना इकडं वळा, तिकडं वळा म्हणतोय! घण खाली ठेवला तर कुर्त्यावर खांद्यापासून छातीपर्यंत तपकिरी पट्टा. सगळं गाव केळीवालं. आधी एक म्हातारी फिदीफिदी हसली.

"अगं बाई, हा तर चीक!"

"जुन्या घणाला ओला चीक कुठून आला?" मॅडमनी विचारलं.

साहेब चाचरले. "मॅडम, खरी अवजारं फार कळकट होती. फोटोत नीट दिसत नव्हती. म्हणून एकसारखी नवी मागवली. मजुराला म्हटलं, जरा जुनी करून टाक..."

"आणि खरी कुठं आहेत?"

"चला, दाखवते," हिमानी म्हणाली. "पण नाक धरा!"

मॅडम काठावर पोचल्या अन् पदरानं तोंड झाकून उभ्या राहिल्या. हिमानी सरळ खाली उतरली. गुडघ्यापर्यंत तो बुळबुळीत सडका गाळ! ओकारी दाबत तिनं दांडा ओढला. आला! वर येताना केसांत अळ्या, फ्रॉकवरून काळं पाणी निथळतंय.

सरुबाईनं घागरभर पाणी ओतलं, पदरानं दांडा पुसला अन् अंगठा ठेवला. खळग्यात बरोब्बर बसला. 

"साहेब," मॅडम म्हणाल्या, "लोकांनी काळीज काढून दिलं आणि तुम्ही उकिरड्यात फेकलं. किळस येते मला! उरलेला निधी गावातल्या बायकांच्या हाती द्यावा, असंच मी वर कळवणार. आणि पोरांनो, शाबास! तुम्ही नसता तर मी त्या चिकाचंच कौतुक करून गेले असते."

"पोरी, तुला मेल्या उंदरासारखा वास येतोय," आजी म्हणाली, अन् हिमानीला कडकडून मिठी मारली. "तुझ्या आजोबालाही घामाचा असाच यायचा!"

आता माझं एक काम करा रे. घरी जा, आजी-आजोबांच्या हातची विळी, खुरपं, कात्री, जे उरलंय ते शोधा. घासूनपुसून चकचकीत करू नका. नुसती मूठ धरा, अन् मला येऊन सांगा, अंगठा कुठं बसला ते.