उंबरठ्याबाहेरचं पाऊल

ही घटना खरी आहे. हसायचं त्याने खुशाल हसावं. प्राध्यापक व्होकलँही हसले होते.

बारा वर्षांपूर्वीचा मे महिना. बुधवार, दुपारचे तीन. फ्रान्समधल्या लोझेर डोंगरावरचं सेरव्हियाल गाव, जेमतेम नऊ घरांचं. माझी भाची अनुक कॉलेजच्या अभ्याससहलीला तिथे गेली होती. सोबत अकरा मुलं आणि हे व्होकलँ.

माणूस कसला, दीडशहाणा! गावात पाय ठेवल्यापासून चीजला नाक मुरडलं, सूपला नावं ठेवली, आणि म्हाताऱ्यांशी बहिऱ्यांशी बोलावं तसं ओरडून बोलला.

त्याला हवा होता गावच्या घंटेचा आवाज. हिमवादळात वाट चुकलेल्यांसाठी वाजवायची ती घंटा. तिची दोरी लेओनीबाईंच्या घरात, भिंतीला लागून लोंबते. लेओनीबाई एक्क्याऐंशीच्या. उजवा खांदा कामातून गेलेला.

"मास्तर, आकाश निरभ्र आहे," त्या म्हणाल्या. "बाहेर कुणी चुकलेलं नाही. मग बोलावताय कुणाला?"

"आजीबाई, आम्ही फक्त रेकॉर्ड करतोय."

"दोरी धरली की कुणीतरी उंबरठ्याच्या आत येईपर्यंत सोडायची नाही. आणि ज्याने धरली, त्यानेच ओढायची."

"लिहून घ्या रे!" व्होकलँ मुलांकडे वळून हसले. "डोंगरी डोकं कसं चालतं बघा. अनुक, ओढ दोरी."

अनुकने ओढली.

लेओनीबाई मटकन बाकावर बसल्या. त्यांच्या मागे फळीवर एक लाकडी बूट होता. लहान मुलाचा. एकच.

"माझा भाऊ, एमिलियाँ," त्या हळूच म्हणाल्या. "सात वर्षांचा. शाळेतून येत होता. त्या दिवशी दोरी माझ्या हातात होती. बोटं गोठली म्हणून चुलीपाशी गेले... पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं. बर्फ वितळल्यावर हा बूट सापडला. तो नाही सापडला."

अनुकचे हात थबकले.

"थांबू नकोस, पोरी!"

दहावा टोल. अकरावा.

आणि मग...

वरच्या उतारावरून आवाज आला.

टॉक.

मग काहीच नाही. मग पुन्हा... टॉक.

एका पायात लाकडी बूट. दुसरा अनवाणी.

मुलांचं हसू विरलं. उतारावर चिटपाखरू नव्हतं. गवतावर ऊन पसरलं होतं, गाई चरायच्या थांबल्या होत्या. प्रत्येक टोलाला आवाज एक पाऊल जवळ येत होता.

टॉक...

पाणवठ्यापाशी.

टॉक...

अंगणात.

"आला," लेओनीबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या. "ओढ गं बाळा. आता दोनच पावलं."

"पुरे हा तमाशा!" व्होकलँ खेकसले. आवाज चढला होता, पण चेहरा पांढराफटक पडला होता. "कुणीतरी पोरगं मस्करी करतंय. बस उभी आहे, चला!"

त्यांनी अनुकचा हात धरून दोरीवरून ओढून काढला.

त्या झटक्याने शेवटचा एक टोल पडला, आणि घंटा थांबली.

पावलंही थांबली...

दाराच्या अगदी बाहेर.

लेओनीबाई उठल्या. त्यांनी व्होकलँकडे असं पाहिलं की, अनुक सांगते, माणूस शेणावरून पाय काढतानासुद्धा इतक्या तुच्छतेने पाहत नाही.

"तुम्हालाही बोटं शेकायची घाई झाली का, मास्तर?"

व्होकलँ खिडकीतून उतरून बसकडे पळाले. हो, खिडकीतून! दाराने जायची छाती झाली नाही त्यांची. विद्वान!

लेओनीबाईंनी दार उघडलं.

बाहेर कुणीच नव्हतं. पण उंबरठ्यापलीकडे, मे महिन्याच्या उन्हात, दगडावर मूठभर बर्फ होतं. त्यात एका अनवाणी पायाचा ठसा.

अनुकने शेजारी आपलं पाऊल ठेवून पाहिलं. तो ठसा तिच्या पावलाच्या दुप्पट होता.

"आजी," ती म्हणाली. "तो सात वर्षांचा होता ना? हे... हे लहान मुलाचं पाऊल नाही."

लेओनीबाईंनी वाकून ठसा पाहिला. मग आत गेल्या, फळीवरचा बूट उतरवला आणि पदराने... छे, पदर कुठला, एप्रनच्या टोकाने पुसला.

"सदुसष्ट वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "हा आता त्याला बसायचा नाही."

मग दोरी त्यांनी अनुकच्या पुढे धरली.

"तू धरली होतीस. तूच ओढ. एकच पाऊल राहिलंय."

अनुकने नाही ओढली. बाकीच्या मुलांमागोमाग तीही खिडकीतूनच गेली, आणि त्याची लाज तिला आजही वाटते.

लेओनीबाई त्याच हिवाळ्यात गेल्या. घर बंद आहे. तिथला मेंढपाळ मला सांगतो, त्या उंबरठ्याबाहेरच्या दगडावर ऐन उन्हाळ्यातही पाऊलभर जागा ओली असते.

अनुक मला अधूनमधून विचारते, "मावशी, मी जाऊन ती घंटा पूर्ण करू का?"