जिन्याखालची खोली

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण शाळेच्या जिन्याखालची ती खेळाच्या सामानाची खोली तिला अजून आठवते... चेंडूंच्या रबराचा वास, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेले दोर, आणि उपड्या बादलीवर बसून मुसमुसणारी ती स्वतः.

तेव्हा ती चौथीला शिकवायची. पहिलीच नोकरी, तीही कच्ची. वर्ग मुलांनी ठासून भरलेला आणि घसा कधीचा बसलेला. त्या सकाळी डॉक्टरांनी बजावलं होतं, एक शब्दही बोलू नका, नाहीतर शिकवणं कायमचं सोडावं लागेल. रजा घेतली तर नोकरी जाणार, बोलली तर आवाज. शिक्षकांच्या खोलीत धड बसायला जागा नव्हती, तिथे रडणार कुठे?

दार उघडलं. दारात खेळाचे सर.

"बॉल न्यायला आलो होतो," ते म्हणाले. मग तिच्या डोळ्यांकडे पाहून जरा थांबले. "पण... बॉलची घाई नाही."

त्यांनी बाहेरूनच दार हलकेच लोटून घेतलं. बाहेर मुलांचा गलका झाला, तसा त्यांचा आवाज आला, "आज चेंडू नाहीत. त्यांना ताप आलाय. मैदानाला चकरा मारा."

ती हसली. घशातून नुसती घरघर निघाली.

शिक्षकांच्या तब्येतीकडे लक्ष द्यायचं काम मोठ्या बाईंनी या सरांच्या गळ्यात घातलं होतं, कारण बाकी सगळ्यांनी अंग काढून घेतलं होतं. तिने डॉक्टरांचं म्हणणं कागदावर लिहून दाखवलं, आणि त्यांनी ते मनावर घेतलं. मोठ्या बाईंशी भांडून तिचे तास सगळ्यांत वाटून दिले. बदल्यात सगळ्यांच्या वह्या ती तपासणार. रजेचा प्रश्नच मिटला. जिन्याखालची खोली रिकामी झाली. तिथे पडदा आला, दोन खुर्च्या आल्या, दारावर पाटी आली: ‘आत शिक्षक आहेत. हाक मारू नये.’ हळूहळू गणिताच्या बाई तिथे पाय वर घेऊन बसू लागल्या, चित्रकलेचे सर डुलकी काढू लागले.

आणि मधल्या सुट्टीत खेळाचे सर तिच्यासाठी कोमट पाणी घेऊन येऊ लागले.

"बोलायचं नाही. फक्त मान हलवायची. घसा बरा आहे?"

तिने मान हलवली.

"मी आलेलं आवडतं?"

ती खिडकीबाहेर बघू लागली.

"मान हलवायची म्हटलं होतं, मान वळवायची नाही."

तिने ओठ दाबून हसू गिळलं. कानांच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

एकदा ते कप हातात धरून नुसतेच बसले. "खरं सांगू? तुमचा आवाज लवकर यावा असं वाटतं... आणि भीतीही वाटते. मग तुम्ही इथे कशाला याल?"

तिचे ओठ हलले. त्यांनी घाईने हात वर केला, "नको. डॉक्टर नाही म्हणालेत ना."

तिने आपली खुर्ची त्यांच्या खुर्चीजवळ सरकवली.

डॉक्टरांनी परवानगी दिली, त्या दिवशी ती तडक मैदानावर गेली. सर वाकून पांढऱ्या फक्कीची रेघ ओढत होते. दवाखान्यापासून तिने एक वाक्य घोकलं होतं, चांगलं आदराचं, आभाराचं.

"बोलायला परवानगी मिळाली?"

सवयीने तिने मान हलवली.

"मग बोला की."

"तू..." ती म्हणाली आणि थबकली. घोकलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं होतं. आवाज नवाच होता, थोडा चिरका. "तू नाही आलास ना, तर सुट्टी सरता सरत नाही."

फक्कीची रेघ भलतीकडेच गेली.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"काय?"

"तू."

ती म्हणाली. अगदी हळू, घसा सांभाळून.

दुसऱ्या दिवशी मुलं त्या वाकड्या रेघेवरूनच पळाली. लग्नानंतरही ती त्याला तूच म्हणते. फक्त रागावली की ‘अहो सर’ म्हणते, आणि तो मुकाट्याने उठून चहा टाकतो.