चिकटलेलं पान

छत्री एकच होती, आणि ती जेउकची होती. अर्थात तेव्हा दासोमला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. ती टॅक्सीतून उतरली, फाटकाच्या आडोशाला उभी राहिली, आणि शेजारून कुणीतरी म्हणालं,

"या ना आत... छत्रीत म्हणतोय मी. गैरसमज नको."

"गैरसमज व्हायला वेळ तरी कुठंय? एवढंसं तर अंगण आहे!"

"मग हळू चालू."

कोरियातल्या जन्जू शहरातलं ते जुनं, कौलारू, भारी उपाहारगृह. शरदातला पाऊस अगदी भुरभुर पडत होता. अंगण खरंच एवढंसं होतं, पण दोघांनी त्याला चांगलाच वेळ लावला. पर्सिमनच्या झाडाखाली तर उगाचच थांबली. वर फळं पिकून केशरी झाली होती, आणि त्याच्या कोटाला ओल्या लोकरीचा ऊबदार वास येत होता.

"दादाची सोयरीक पक्की करायची आहे," तो म्हणाला. "मी आपला शोभेला."

"मीसुद्धा ताईच्या शोभेलाच!"

शनिवारी इथे दालनोदालनी व्याही-विहिणी भेटतात, त्यामुळे तिला कसलीच शंका आली नाही. शिवाय ताईचा होणारा धाकटा दीर येणार नाही, असा कालच निरोप आला होता.

"जेवण झाल्यावर... इथेच? झाडाखाली?" त्याने विचारलं.

"पाऊस असला तर."

"आणि नसला तर?"

"तर—" दासोम जोडे काढता काढता लाजली, "तरी छत्री आणा."

दालनात शिरून ती ताईशेजारी बसली. अंगभर नुसती गोड शिरशिरी. एवढ्यात कागदी दार सरकलं आणि तोच आत आला.

"आमचा धाकटा, जेउक," नवऱ्या मुलाची आई म्हणाली. "ऐनवेळी सुट्टी मिळाली बघा."

एकाच घरात दोनदा सोयरीक म्हणजे इथल्या जुन्या माणसांच्या कपाळावर आठी ठरलेली. त्यात ही बाई तर ताईलाच मोठ्या मुश्किलीने हो म्हणाली होती! आज काही वेडंवाकडं झालं, तर ताईचं लग्नच मोडायचं. ताईचा हात टेबलाखाली गार पडला होता. दासोमने तो घट्ट धरला आणि मनाशी ठरवलं — झाडाखाली जायचं नाही. बस्स.

मग वाट्यांमागून वाट्या आल्या. भोपळ्याची लापशी, वाफाळता मासा, तिळाच्या तेलातल्या भाज्या. दासोमला कशाची चव लागेना. समोर तो होता ना! वर पाहावं तर त्याचे डोळे, खाली पाहावं तर त्याची बोटं...

"तुझा डावा खांदा भिजलाय, पोरी," नवऱ्या मुलाची आई अचानक म्हणाली. मग तिने शांतपणे आपल्या लेकाकडे पाहिलं. "आणि याचा उजवा."

दासोमचे वडील खोकले. ताईने मान खाली घातली.

काहीतरी करायचं म्हणून दासोमने पानांच्या लोणच्याकडे जेवायच्या काड्या नेल्या. सोयात मुरलेली ती पेरिलाची पानं एकमेकांना अशी चिकटतात, की एक उचलावं तर चार येतात. तिचंही तेच झालं. आणि मग समोरून दोन काड्या आल्या आणि त्यांनी खालची पानं अलगद दाबून धरली.

तसं पाहिलं तर काय? मदतच. पण आपल्या माणसाने दुसरीसाठी पान धरलं, तर त्याला माफ करावं का, यावर इथल्या पोरी तासन्‌तास भांडतात. लग्नाच्या बैठकीत, सगळ्यांदेखत पान धरणं म्हणजे बोलून टाकण्यासारखंच.

"जेउक!" त्याचा दादा कुजबुजला.

"धरलंय," जेउक म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता बिचारा, पण काड्या हलल्या नाहीत. "यांना हवं असेल तर उचलतील. नको असेल तर... मी सोडतो."

दासोमच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तो तिला हवा होता. किती हवा होता, ते तिला या क्षणी कळलं. आणि तिने काड्या मागे घेतल्या.

"माफ करा, विहीणबाई," दासोमच्या आईने घाईघाईने तोंड उघडलं, "पोरं आहेत—"

"थांबा हो." नवऱ्या मुलाची आई लेकाच्या मनगटाकडे बघत होती. ओठ घट्ट मिटलेले. पण डोळ्यांत कुठेतरी हसू फुटलं होतं. "घरी पाण्याचा पेलासुद्धा हाताने घेत नाही हा! माझ्यासाठी जन्मात कधी पान धरलं नाही."

मग ती दासोमकडे वळली.

"तुझ्या ताईचं पक्कं झालंय, त्याला काही होत नाही. लोक काय, चार दिवस हसतील. उचल ते पान, पोरी... किती वेळ धरून बसेल तो?"

ताईने टेबलाखालून तिचा हात सोडला आणि तिला हळूच ढकललं. दासोमने एकच पान उचललं, भातावर ठेवलं आणि खाल्लं. खारट होतं.

बाहेर पाऊस थांबला होता. जेउकने तरी जाताना छत्री घेतली.