उजव्या कुशीतल्या वन्सं

“आमटीत मीठ कुणी ओतलंय?”

प्रश्न हळू आवाजात पण खणखणीत होता, आणि तो जयवंत शिंत्र्यांच्या लेंग्याच्या नाडीजवळून आला. जयवंतरावांनी घास तोंडातच धरला. त्यांची बायको शैलजा हातातल्या पळीसकट थबकली.

“अर्धाच चमचा हो, वन्सं,” ती नवऱ्याच्या पोटाकडे बघत म्हणाली. “अगदी अळणी ह्यांना जात नाही.”

“त्याला जात नाही म्हणून मी मरू काय?” पोटाकडून उत्तर आलं.

मिरजेत त्या सुमारास असे संवाद बऱ्याच घरांतून ऐकू येत. जुनी दुखणी असलेल्या माणसांना ‘कुजबुज’ नावाची पट्टी लावायची पद्धत पडली होती. तळहाताएवढी, कातडीच्या रंगाची चिकटपट्टी. आतल्या अवयवाचा रक्तप्रवाह, त्याची ऊब, क्षारांचं प्रमाण असं सगळं ती वरून टिपायची आणि आकडे दाखवत बसण्याऐवजी सरळ बोलायची. आकडे लोक वाचत नाहीत, टोमणा मात्र न चुकता ऐकतात, हे ती बनवणाऱ्या कंपनीला बराच अभ्यास करून कळलं होतं. शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांचं जठर रोज जेवणानंतर शुद्ध मराठीत खुलासा मागायचं. पलीकडच्या गल्लीतल्या वकिलांच्या यकृतानं तर एका साखरपुड्यात, भर मांडवात, त्यांची आदली संध्याकाळ सविस्तर सांगितली होती.

जयवंतरावांची अडचण निराळी होती. त्यांची बोलणारी किडनी मुळात त्यांची नव्हतीच. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या बहिणीनं, इस्लामपूरच्या प्रमिलाताईंनी, ती दिली होती. कुठल्याही अवयवाच्या पेशींचे बारीक कण रक्तात सुटत असतात. पट्टी त्यांतली जनुकं वाचायची आणि त्या अवयवाला शोभेल असा आवाज तयार करायची. जयवंतरावांच्या उजव्या कुशीतून म्हणूनच थेट ताईंचा आवाज आला. खेकसण्यासकट. खेकसणं जनुकांत असतं का, यावर शास्त्रज्ञांमध्ये मतभेद होते. शिंत्र्यांच्या घरात नव्हते.

“आवाज बदलता येतो, आई,” मुलगी केतकी म्हणाली होती. ती औषधांच्या दुकानात कामाला होती, आणि घरातलं प्रत्येक यंत्र तिच्याच गळ्यात पडायचं. “एखाद्या शांत बाईचा लावू?”

“नणंदेला बदलून दुसरी आणायची?” शैलजानं कपाळाला हात लावला. “त्यांना कळलं म्हणजे?”

तेव्हा आवाज राहिला. हळूहळू त्या आवाजाचा मानही ठेवला जाऊ लागला. सकाळी चहा ओतताना शैलजा “वन्सं, चालेल ना एक कप?” असं विचारायची. टीव्हीचा आवाज मोठा झाला की डोक्यावरचा पदर सावरल्यासारखं करायची. जयवंतरावांच्या स्वतःच्या दोन किडन्याही आत होत्याच. नवी बसवताना जुन्या काढत नाहीत, त्या पाठीशी आपल्या जागी सुकत राहतात, आणि नवी पुढच्या बाजूला, मांडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना जोडून देतात. “म्हणजे दोघं पेन्शनर मागच्या खोलीत,” जयवंतराव आपल्या चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगायचे, “आणि ताई पुढच्या दारात, खुर्ची टाकून.”

रक्तवाहिन्या जोडतात, पण मज्जातंतू तुटलेलेच राहतात. त्यामुळे आत काही बिनसलं तरी अशी किडनी मालकाला दुखून सांगू शकत नाही. पट्टीची खरी गरज होती ती यासाठी.

आणि एका दुपारी पट्टी म्हणाली, “दमले गं बाई.”

शैलजाचा जीव कळवळला. घरी आलेली नणंद दमले म्हणते, तिला काय नुसतं पाणी द्यायचं? तिनं नाक्यावरून शहाळी आणवली. सकाळी एक, दुपारी एक, आणि वन्सं “अजून बरं नाही वाटत” म्हणाल्या की संध्याकाळी मलईवालं. पिणारे अर्थात जयवंतराव. आठवडा संपायच्या आत त्यांचे पाय लटपटायला लागले, छातीत धडधड सुरू झाली, आणि वन्संनी असा ठणाणा केला की खालच्या मजल्यावरचे लोक रिक्षा घेऊन आले.

“शहाळं?” हॉस्पिटलात डॉक्टर तांबोळींनी डोळे मिटून घेतले. “वहिनी, शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. धडधाकट किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. थकलेली टाकू शकत नाही. ते रक्तात साठतं आणि हृदयाचा ठोका चुकवतं. थोडक्यात वाचलेत हे.”

“पण वन्संच दमले म्हणाल्या,” शैलजा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

 डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि सांगितलं, की किडनी खरंच दमली आहे. प्रत्यारोपण केलेली किडनी जन्मभर पुरेलच असं नाही. तिच्यातल्या बारीक गाळण्या एकेक करून बंद पडत आहेत. थोड्याच महिन्यांत डायलिसिस सुरू करावं लागेल. “ताईंना कळवा,” ते म्हणाले. “त्यांचा हक्क आहे.”

केतकी दुकानातून न्यायला आली, आणि परतताना रिक्षात तिघंही दिवाळीच्या फराळाबद्दल बोलत होते.

ताईंना कळवायचं म्हणजे काय, ते या घरालाच ठाऊक होतं. किडनीच्या आधी बहीणभावांत अकरा वर्षं बोलणं नव्हतं. चुलतभावाच्या लग्नात मानाचे फेटे बांधले, त्यात ताईंच्या यजमानांचं डोकं तेवढं उघडं राहिलं. फेट्यांची जबाबदारी जयवंतरावांकडे होती. ताई पंगतीतून उठून गेल्या त्या गेल्याच. पुढे यजमान वारले, तेव्हा जयवंतराव जाऊन दारातूनच परत आले. आणि मग त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कुठून तरी कळल्यावर प्रमिलाताई एक दिवस तपासणीचे कागद पिशवीत घालून थेट हॉस्पिटलात उभ्या राहिल्या. “माझी जुळते,” त्या म्हणाल्या होत्या. “कापा.” फेट्याचा विषय त्यांनी काढला नाही, भावानंही काढला नाही.

तेव्हापासून रोज सकाळी फोन यायचा. एकच प्रश्न असायचा: “कशी आहे माझी?”

“मजेत,” जयवंतराव सांगायचे.

“पाणी पाज तिला.” फोन बंद.

नऊ वर्षांत याच्या पलीकडे बोलणं गेलं नव्हतं. पण एकही सकाळ चुकली नव्हती.

भाऊबीजेला ताई आल्या. येतानाच त्यांनी जिन्यावरून शैलजाला हाक मारून तेल जास्त जळल्याचा वास येतो म्हणून सांगितलं. त्यांना अजून कुणी काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून केतकीनं पट्टीचा आवाज अगदी बारीक करून वर मफलर गुंडाळला होता. पट्टी काढायला डॉक्टरांची सक्त मनाई होती. ऑक्टोबरच्या उकाड्यात कमरेला मफलर बांधून बसलेल्या भावाकडे ताईंनी दोनदा पाहिलं, पण ओवाळणं नीट पार पडलं. मग पानं वाढली.

“घे, चिरोटा घे,” ताई म्हणाल्या. “मी केलेत. एकानं काय होतंय?”

“नको म्हणून सांग तिला!” मफलरातून आवाज आला.

ताईंचा हात ताटावरच राहिला. “कोण बोललं? शैला, कोण आहे गं ही आगाऊ बाई?”

शैलजानं भाताकडे पाहिलं. शेवटी केतकीनं मफलर सोडला आणि पट्टी काय करते ते सांगितलं. “आत्या, ती तुझी किडनी आहे. आणि तो आवाज तुझाच आहे.”

“माझा? काहीतरीच! मी अशी बोलते?”

जयवंतरावांनी आमटीचा भुरका मारला.

“आपला आवाज आपल्याला थोडा कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो,” केतकी घाईघाईनं म्हणाली, “म्हणून स्वतःला तो भारदस्त वाटतो. बाकीच्यांना नुसता हवेतून येतो, तो असा.”

“म्हणजे जन्मभर तुम्ही सगळे हे ऐकताय?”

“होय, वन्सं,” शैलजा म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिनं जीभ चावली.

ताई आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग एकदम खुदकन हसल्या. पदरानं डोळे पुसेपर्यंत हसल्या. जयवंतरावांनी बहिणीला असं हसताना लहानपणी कधीतरी पाहिलं होतं. ताई पाटावरून सरकत जवळ आल्या आणि भावाच्या कुशीपाशी वाकल्या. “काय गं बये, बरी ठेवतात ना तुला इथं?”

“ठेवतात की,” तोच आवाज म्हणाला. “जिवापाड ठेवतात. पण आता माझ्याच्यानं होत नाही गं.”

समोरच्या गच्चीवर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. 

“मशीनच ते, वन्सं,” शैलजा म्हणाली. “काहीबाही बोलतं. काल दुधालासुद्धा नावं ठेवत होतं.”

“चार्जिंग कमी असेल,” केतकी म्हणाली.

“बासुंदी वाढ ताईला,” जयवंतराव म्हणाले.

ताईंनी वाटीवर हात ठेवला. भावाचे सुजलेले घोटे त्यांना आता दिसले असावेत, कारण बराच वेळ त्या तिकडेच बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली.

“जयवंता. कशी आहे माझी?”

‘मजेत’ हा शब्द सवयीनं त्यांच्या ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला. ताटातला चिरोटा बाजूला सारला.

“ती चाललीय, ताई,” ते म्हणाले. “मला सांभाळता आली नाही. डायलिसिसचं मला काही वाटत नाही, मशीनला टेकून पेपर वाचीन. पण ती गेल्यावर... रोज सकाळी, माझ्यासाठी म्हणून, फोन करशील का गं तू?”