चोरीला गेलेली पायली

सकाळी संग्रहालय उघडलं, तेव्हा काचेच्या कपाटातली धान्य मोजायची लोखंडी पायली गायब होती. काच शाबूत, कुलूप शाबूत. शेजारची दुसरी पायली आणि चांदीची अत्तरदाणीही जागेवर.

धाराशिवच्या जुन्या घरांतल्या, दुकानांतल्या रोजच्या वस्तूंचं हे संग्रहालय. पायली होती इंद्रजित यांच्या आजोबांच्या धान्याच्या दुकानातली; त्यांनीच ती संग्रहालयाला दिली होती. कपाटाची किल्ली म्हातारे रखवालदार पाशामियाँ सांभाळत. त्यांना अटक करा, म्हणून इंद्रजित अडून बसले होते. पाशामियाँ भिंतीला टेकून उभे होते.

फौजदार राजेश्वरी यांनी संग्रहालयप्रमुख योगीराज यांना बाजूला घेतलं.

“कपाट शेवटी कुणी उघडलं?”

“मीच, काल संध्याकाळी. इंद्रजितरावांना आजोबांचा फोटो आत ठेवायचा होता.”

“तुम्ही तिथंच होता?”

“फोन आला म्हणून बाहेर गेलो. परत आलो तर त्यांनी कुलूप लावलेलं होतं. मी आत पाहिलं नाही.”

“आज इथं काय आहे?”

“शाळेची मुलं जुन्या मापांनी ज्वारी मोजणार आहेत. कालच ठरलं, इंद्रजितरावांसमोर.”

राजेश्वरींनी कपाटाचा आधी वरून काढलेला फोटो पाहिला. दोन पायल्या शेजारी शेजारी. बाहेरून सारख्याच उंच. पण इंद्रजित यांच्या पायलीचा तळ काठाच्या बराच जवळ दिसत होता.

त्यांनी इंद्रजित यांना गाडीची डिकी उघडायला लावली. पायली तिथंच होती, पंच्यात गुंडाळलेली.

राजेश्वरींनी दुसरी पायली ज्वारीनं भरली आणि हिच्यात ओतली. ज्वारी काठावरून फरशीवर सांडली.

“हिला आतून दुसरा तळ आहे,” त्या म्हणाल्या. “चोराला पैसा हवा असता तर चांदी गेली असती. ही पायली फक्त आज मोजायला नको होती. ती भीती तुमच्याशिवाय कुणाला?”

इंद्रजित खाली बघत बोलले. वडिलांनी त्यांना हे सांगितलं होतं. कपाटात ठेवल्यावर कोण मोजणार, असं वाटलं. परत मागावी, तर कारण सांगावं लागलं असतं. आजोबांना गाव देवमाणूस म्हणायचं.

पाशामियाँ सांडलेल्या ज्वारीकडं बघत होते.

“आमची अम्मी ह्याच दुकानातून ज्वारी आणायची,” ते म्हणाले. “घरी मोजली की कमी भरायची. तू वाटेत विकतीस, म्हणायचे अब्बा. मरेपर्यंत त्यांना तिचं खरं वाटलं न्हाय.”

मग ते योगीराज यांच्याकडं वळले.

“ती परत कपाटात ठेवा, साहेब. आतला तळ दिसंल अशी.”